मासा खात नाहीये? खाद्याचा डबा आधी बाजूला ठेवा

माझा निळा फायटर मासा एकदा सलग नऊ दिवस उपाशी राहिला. पहिल्या दिवशी त्याने दाणा तोंडात घेतला आणि लगेच बाहेर टाकला. दुसऱ्या दिवशी दाण्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग मी तेच केलं जे बहुतेक सगळे करतात. वेगळं खाद्य आणलं. तेही नको म्हटल्यावर आणखी वेगळं. "एखादा तरी खाईल" म्हणून दर वेळी चार दाणे जास्तच टाकले. न खाल्लेलं सगळं दगडांच्या मागे जाऊन कुजत होतं, ते मला दिसतच नव्हतं. पाचव्या दिवशी पाणी दुधट झालं आणि मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला.

मुळात बिघडलं होतं ते भलतंच. हीटरचा लाल दिवा लागत होता, पण आतली तार गेली होती. पाणी २१ अंशांवर आलं होतं. काचेला बाहेरून चिकटवलेली तापमानाची पट्टी मात्र २५ दाखवत होती, कारण ती पाण्याइतकीच खोलीची हवाही मोजते. थंडीने मरगळलेल्या माशासमोर मी पदार्थांची रांग लावत होते आणि त्या रांगेनेच पाणी नासवत होते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी पाणी, मग मासा, शेवटी खाद्य. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. मध्येच उडी मारून खाद्याच्या भागाकडे जाऊ नका. (जाल, मला माहीत आहे. पण निदान तिसरी आणि चौथी पायरी करून जा.)

हे सगळं गोड्या पाण्यातल्या नेहमीच्या माशांसाठी आहे. खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचा मला अनुभव नाही.

हाताशी काय हवं

- पाणी तपासायचं किट, थेंबांचं. त्यात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा) हे चार तरी हवेतच. पट्ट्यांची किटं चालतात, पण बऱ्याच पट्ट्यांवर अमोनिया नसतो आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो.
- पाण्यात बुडणारा साधा काचेचा थर्मामीटर.
- सायफनची नळी आणि फक्त टाकीसाठी ठेवलेली बादली. साबण कधीही न लागलेली.
- क्लोरीन काढायचं औषध.
- ड्रॉपर किंवा सुई काढलेली सिरिंज, आणि एक लांब चिमटा.
- शक्य असेल तर १५-२० लिटरची जादा टाकी किंवा मोठा प्लॅस्टिकचा डबा, छोटा स्पंज फिल्टर आणि छोटा हीटर. आजारी किंवा दांडगाई करणारा मासा वेगळा ठेवायला.
- वही. कधी काय घातलं, किती खाल्लं, विष्ठा कशी होती, पाण्याचे आकडे काय आले. चौथ्या दिवशी तुम्हाला दुसऱ्या दिवसाचं काहीही आठवत नसतं.

१. घाबरू नका, पण आज खाद्य टाकू नका

निरोगी, भरलेला मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी सहसा मरत नाही. बरेच मासे दोन आठवडेही काढतात. मासे थंड रक्ताचे असतात. शरीर गरम ठेवण्यासाठी आपल्यासारखं सतत अन्न जाळावं लागत नाही, म्हणून त्यांना हे झेपतं. अपवाद पिल्लांचा. गप्पीचं किंवा मॉलीचं चार दिवसांचं पिल्लू दिवसभर उपाशी राहिलं तर ती काळजीची गोष्ट आहे. आधीच हाडकुळा झालेला मासाही या सवलतीत बसत नाही.

म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. सायफन घ्या आणि तळाशी, दगडांमागे, झाडांच्या मुळाशी पडलेलं सगळं खाद्य ओढून काढा. फिल्टरच्या तोंडाशीही बघा. मला तिथे बोटभर जाडीचा फुगलेल्या दाण्यांचा गोळा मिळाला होता.

२. तो खरंच उपाशी आहे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण निम्म्या वेळा इथेच उत्तर मिळतं.

तुमचा मासा रात्री खाणारा असू शकतो. सकर, कुहली लोच, बरेचसे कॅटफिश दिवसा लाकडाखाली पडून असतात. तुम्ही संध्याकाळी दाणे टाकता, वरचे मासे ते फस्त करतात आणि तुम्हाला वाटतं की खालचा काही खातच नाही. त्यांच्यासाठी बुडणारी गोळी दिवे बंद केल्यावर अर्ध्या तासाने टाका.

तोंडाची ठेवण बघा. फायटरचं आणि गप्पीचं तोंड वरच्या बाजूला उघडतं. ते पृष्ठभागावरचं टिपतात. कोरीडोरसचं तोंड खाली असतं, मिशांनी तळ चाचपत तो खातो. तरंगणारे फ्लेक्स टाकून कोरीडोरसची वाट बघण्यात अर्थ नाही.

तोंडात घेतो आणि बाहेर टाकतो, पुन्हा घेतो, असं चाललं असेल तर त्याला भूक आहे. दाणा मोठा आहे किंवा कडक आहे. दाणा दोन बोटांच्या नखांत धरून तोडा, टाकीच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि मग द्या. हा लेख तुमच्यासाठी इथेच संपू शकतो.

आणि एक खास प्रकार. मलावी तलावातल्या सिक्लिडच्या माद्या अंडी तोंडात उबवतात. सुमारे तीन आठवडे त्या जवळपास काहीच खात नाहीत. गळा खालून फुगलेला दिसतो आणि मादी अधूनमधून चघळल्यासारखं करते, ते अंडी आतल्या आत फिरवणं असतं. तिला अजिबात छेडू नका. घाबरली तर अंडी टाकून देते किंवा गिळते.

नवीन आणलेल्या माशाचं वेगळं. पिशवीतून टाकीत आलेला मासा दोन-तीन दिवस, फायटर तर कधी आठवडाभरही खात नाही. पहिला दिवस दिवे बंद ठेवा, टाकीसमोर गर्दी करू नका, काचेवर टकटक तर नकोच. जिथून आणला तिथे त्याला काय खायला घालत होते हे आणतानाच विचारायला हवं. नसेल विचारलं तर आज विचारा.

३. पाणी तपासा, डोळ्यांनी नव्हे

"पाणी तर एकदम स्वच्छ दिसतंय" हे वाक्य मी स्वतः शंभरदा म्हटलं असेल. अमोनियाला रंग नसतो. काचेसारख्या लख्ख पाण्यात मासा जळत असतो.

माशाच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरमध्ये वाढलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी मांडून पंधरा दिवस झाले असतील आणि मासा खाईनासा झाला असेल, तर मी बाकी काही न बघता आधी अमोनियावर बोट ठेवीन.

आकडे असे हवेत:

- अमोनिया: शून्य
- नायट्राइट: शून्य
- नायट्रेट: २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) आसपास, ४० च्या वर नको
- पीएच: तुमच्या माशाला चालेल तो, पण मुख्य म्हणजे रोज तोच

"थोडासा अमोनिया चालतो" असं कोणी सांगितलं तर त्याला पीएच विचारा. अमोनियाची पाण्यात दोन रूपं असतात आणि त्यातलं एकच जास्त विषारी असतं. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग त्या विषारी रूपात असतो. पीएच ८ असेल तर तो साधारण ५ टक्के होतो. किटवरचा हिरवा रंग दोन्ही टाक्यांत तोच, विष मात्र दहापट. मासा त्यात जेवत नाही याचं नवल नाही.

नायट्राइटची खूण वेगळी. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला बिघडवतं, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा धापा टाकतो. तुम्ही एअर पंप वाढवता आणि फरक पडत नाही.

किट वापरतानाची एक चूक सांगते, कारण ती मी दोन महिने केली. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीतलं रसायन तळाशी बसतं. बाटली अर्धा-एक मिनिट जोरात हलवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो. माझं नायट्रेट कायम "५" यायचं. बाटली नीट हलवली त्या दिवशी ८० आलं.

४. तापमान: पाण्यातलं मोजा

पाणी गार झालं की माशाचं पचन मंदावतं आणि भूक जाते. फार गरम झालं तर उलटं संकट. शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो आणि गरम पाण्यात तो मावतो कमी. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास.

अंदाजे कुठे काय हवं:

- फायटर: २५ ते २७ अंश
- एंजल: २४ ते २८
- निऑन टेट्रा: २२ ते २६
- डिस्कस: २८ ते ३०
- गोल्डफिश: १८ ते २२

ही यादी वाचताना लक्षात आलं असेल की गोल्डफिश आणि डिस्कस एका टाकीत सुखाने जेवूच शकत नाहीत. एकाला सोसेल ते दुसऱ्याला सोसत नाही.

थर्मामीटर हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात लावा. सकाळी उठल्याउठल्या एक नोंद, रात्री एक नोंद. दोन्हीत तीन-चार अंशांचा फरक येत असेल तर ते कारण असू शकतं. हीटरचा दिवा लागणं म्हणजे हीटर चालणं नव्हे, हे मी महागात शिकले. पाण्यात हात घालण्याआधी आणि पाणी कमी करण्याआधी हीटर बंद करून प्लग काढा. गरम हीटर उघडा पडला तर काच तडकते.

तापमान वाढवायचं असेल तर तासाला एखादा अंश, त्याहून घाईने नको. माझ्या फायटरला २१ वरून २६ वर यायला अख्खा दिवस दिला.

५. पाणी बदला, पण सगळं नाही

अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं की त्याच दिवशी साधारण एक तृतीयांश पाणी बदला. दुसऱ्या दिवशी तपासा, गरज असेल तर पुन्हा. नवं पाणी जुन्याच्या तापमानाचं हवं आणि त्यात क्लोरीनचं औषध आधी मिसळलेलं हवं.

"पाणी रात्रभर उघडं ठेवलं की झालं" हे अर्धंच खरं आहे. नुसता क्लोरीन उडून जातो. पण नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते रात्रभरात जात नाही. औषधाचे चार थेंब टाकणं सोपं.

महिनोन्‌महिने पाणी न बदललेली टाकी असेल तर जास्तच सबुरी हवी. अशा पाण्याचा पीएच हळूहळू घसरलेला असतो आणि अमोनिया त्याच्या कमी विषारी रूपात पडून असतो. एकदम अर्धं पाणी बदललंत की पीएच वर उडी मारतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी रोज दहा टक्के, आठवडाभर.

या पायरीवरचा सर्वात मोठा सापळा म्हणजे उत्साहाच्या भरात केलेली साफसफाई. सगळं पाणी ओतून दिलं, दगड उकळले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढरा केला. झालं, जिवाणूंची वसाहत गेली आणि टाकी पहिल्या दिवसावर आली. स्पंज धुवायचाच असेल तर बदललेल्या जुन्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळा. तो तपकिरीच राहिला पाहिजे.

ऑस्कर पाळणाऱ्यांना एक खास सूचना. ऑस्कर रुसतो. टाकीतलं लाकूड इकडचं तिकडे केलं, जास्त पाणी बदललं, जागा बदलली, की हा एवढा मोठा मासा आडवा पडून राहतो आणि खाणं सोडतो. पाण्याचे आकडे ठीक असतील तर त्याला त्याच्या रागात राहू द्या. दोन-चार दिवसांनी स्वतःच येऊन काचेपाशी उभा राहतो.

६. घरातलं भांडण

दिवे चालू असताना, हातात खाद्य न घेता, खुर्ची टाकून वीस मिनिटं बसा. टाकीपासून थोडं लांब, कारण तुम्ही जवळ गेलात की सगळे मासे तुमच्याकडे बघतात आणि भांडण थांबतं.

कोण कोणाला कोपऱ्यात दाबतंय? टायगर बार्ब लांब परांच्या माशांचे पर कुरतडतात. जोडी जमलेले एंजल बाकी सगळ्यांना एका बाजूला ढकलतात. फायटर तर काचेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाशी दिवसभर झगडून दमतो. अशा काचेमागे साधा कागद लावला तरी तो शांत होतो. दबलेला मासा ओळखायला सोपा: हीटरच्या किंवा फिल्टरच्या मागे उभा, पर मिटलेले, रंग उतरलेला. त्याला भूक असते, बाहेर यायची हिंमत नसते.

झाडं आणि आडोसे वाढवा, खाद्य एकाच वेळी टाकीच्या दोन टोकांना टाका. तरीही सुटलं नाही तर दांडगोबाला चार दिवस वेगळ्या डब्यात ठेवा. मार खाणाऱ्याला नाही, मारणाऱ्याला. परत आणल्यावर त्याची हद्द मोडलेली असते.

७. आता माशाकडे नीट बघा

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील आणि मासा दगडांवर अंग घासत असेल तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ज्याला सगळे इक म्हणतात. याचं औषध टाकीभर करावं लागतं, एका माशापुरतं नाही, कारण ठिपका गळून तळाशी जातो आणि तिथे वाढून नवे जीव सोडतो.

खवले बाहेरच्या बाजूला उभे राहिलेत, वरून बघितलं तर मासा पाइनच्या फळासारखा दिसतो, म्हणजे आत पाणी साठलंय. ही अवस्था गंभीर आहे. मी खोटा धीर देणार नाही.

शेपटीआधीच्या छिद्रातून लाल, केसासारखे बारीक दोरे लोंबतायत आणि मासा थांबला की ते बाहेर दिसतात, तर ते कॅमॅलॅनस जंत. त्यावर लेव्हामिसोल नावाचं जंतांचं औषध वापरतात, पण मात्रा माशांच्या जाणकार पशुवैद्याकडूनच घ्या.

पोट आत गेलेलं, पाठ वाकलेली, खाऊनही वाळत चाललेला मासा असेल तर क्षयाच्या जातीच्या जिवाणूची शंका घ्यावी लागते. तो जिवाणू हातावरच्या जखमेतून माणसालाही होतो. अशा टाकीत हातमोजे घालूनच काम करा. खरं तर हातावर कापलेलं असेल तर कुठल्याही टाकीत.

आणि आता पांढरी, लांब, दोऱ्यासारखी विष्ठा. हे दिसलं की लोक पोटातल्या परजीवींचं औषध घेऊन येतात. थांबा. चार दिवस न खाल्लेल्या माशाची विष्ठा तशीच असते, कारण आतड्यात अन्न नाही, नुसता बुळबुळीत थर बाहेर येतो. मासा खातोय आणि तरीही विष्ठा पांढरी आहे, वजन उतरतंय, तेव्हा परजीवींचा विचार करा.

औषधाबाबत माझे दोनच नियम. एका वेळी एकच. आणि फिल्टरमध्ये कार्बन असेल तर आधी काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो आणि तुम्ही "औषध लागू पडलं नाही" म्हणून दुसरं ओतता. नुसती शंका आहे, चिन्ह एकही नाही, अशा माशाला औषध देऊ नका. बऱ्याच औषधांनी उरलीसुरली भूकही जाते. मीठही असंच डोळे मिटून टाकू नये. कोरीडोरस आणि बऱ्याच पाणवनस्पतींना ते मानवत नाही.

८. पोट फुगलेलं असेल तर

खवले चपटे आहेत, पण पोट गोल झालंय आणि विष्ठा दिसत नाही. सहसा हा जास्त खाण्याचा परिणाम. दोन-तीन दिवस काहीही देऊ नका. गोल्डफिशला त्यानंतर मटाराचा एक दाणा, मऊ शिजवून, साल काढून, कुस्करून द्या. फायटरलाही मटार द्या असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. फायटर किडे खाणारा मासा आहे. त्याला डाफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक कवचवाले जीव, द्या. त्याच्या कवचाचा चोथा पोट साफ करायला तेच काम करतो.

९. आता खाद्य

पाणी ठीक, तापमान ठीक, कोणी छळत नाही, रोगाचं चिन्ह नाही. डबा उघडा, पण आधी त्याचा वास घ्या. खवट वास आला तर टाकून द्या. उघडलेल्या डब्यातली जीवनसत्त्वं, विशेषतः क जीवनसत्त्व, हवेने आणि दमटपणाने कमी होत जातात आणि तेल खवट होतं. डबा टाकीच्या झाकणावर ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा; तिथे ऊब आणि वाफ दोन्ही मिळते. मी डबा उघडला की त्यावर तारीख लिहिते आणि तीन-चार महिन्यांत बदलते.

पहिला घास हलणारा असावा. आजारातून उठलेल्या माशाला वास आणि हालचाल या दोन गोष्टी जाग्या करतात, डब्यावरचं चित्र नाही.

*गोठवलेले ब्लडवर्म.* म्हणजे डासासारख्या माशीच्या लाल अळ्या. एक चौकोनी तुकडा छोट्या वाटीत टाकीचं पाणी घेऊन विरघळवा. लाल पाणी वेगळं काढून ठेवा, ते पुढे लागणार आहे. एक अळी चिमट्यात अलगद धरा आणि माशाच्या नाकासमोर, बोटभर अंतरावर, हलकेच थरथरवा. तोंडावर नेऊ नका. तो मागे सरतो. त्याने डोळा वळवला, अंग किंचित वाकवलं, की हात स्थिर ठेवा. माझा फायटर दोन वेळा जवळ येऊन परत गेला. तिसऱ्या वेळी त्याने अळी इतक्या जोरात ओढली की चिमटा हातातून सुटणार होता. एकदा खाल्लं की त्या दिवशी दोन-तीन अळ्या पुरे. वितळलेला तुकडा पुन्हा गोठवू नका. वाळवलेल्या ब्लडवर्मच्या पुडीबाबत एक सावधगिरी: तिच्या भुकटीने काही माणसांना ॲलर्जी होते, शिंका, खाज, डोळे सुजणं. चमच्याने वापरा.

*आर्टेमिया.* म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव. छोट्या माशांसाठी आणि पिल्लांसाठी याला तोड नाही, आणि ते घरी फुटवता येतात. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, त्यात पाव चमचा अंडी, खालून हवेचे जोरदार बुडबुडे, तापमान २६ ते २८ अंश, वर दिवा. २४ ते ३६ तासांत पाणी केशरी दिसायला लागतं. हवा बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात. बाटलीच्या खालच्या भागाला एका बाजूने टॉर्च लावा. पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, केशरी ढग बनतो. तो ढग नळीने ओढा, बारीक फडक्यावर गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि ड्रॉपरने द्या. टरफलं जाऊ देऊ नका, ती पचत नाहीत. मोठा एंजल किंवा ऑस्कर मात्र यांच्याकडे बघणारही नाही, त्याच्यासाठी हे फारच बारीक.

जिवंत ट्युबिफेक्स मासे आवडीने खातात, पण हे किडे घाण पाण्याच्या चिखलात वाढतात आणि सोबत रोग आणू शकतात. आधीच अशक्त झालेल्या माशाला मी देत नाही. लसणाच्या रसात दाणे भिजवायचा उपाय पुष्कळांचा आवडता आहे. मीही करून बघितला. एकाने खाल्लं, दोघांनी नाही. करून बघायला हरकत नाही, त्यावर विसंबू नका.

काही खाल्लं नाही तर पाच मिनिटांत सगळं बाहेर काढा. रोज एकदाच प्रयत्न, एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात. म्हाताऱ्या फायटरची नजर अधू होते. हे मासे तसेही दोन-चार वर्षंच जगतात. ठरलेल्या जागेचा त्यांना आधार वाटतो. सिरिंजने जबरदस्ती भरवायचा विचार मनातून काढून टाका. पकडण्याच्या धसक्यानेच मासा जायचा.

१०. दाण्यांवर परत आणणं

ब्लडवर्म खायला लागला म्हणून तेच चालू ठेवलं तर महिनाभरात तुमच्याकडे फक्त ब्लडवर्म खाणारा हट्टी मासा असेल. मघाशी बाजूला काढलेलं लाल पाणी आता वापरा. त्यात दोन दाणे मऊ होईपर्यंत भिजवा. आधी एक अळी द्या, तो उत्साहात असतानाच मागोमाग भिजलेला दाणा सोडा. पहिले दोन-तीन दिवस तो दाणा बाहेर टाकेल. तुम्ही तो उचला आणि त्या दिवशी आणखी काही देऊ नका. थोडी भूक आपल्या बाजूने असते. मग हळूहळू दाणे वाढवा, अळ्या कमी करा. माझ्याकडे याला बारा दिवस लागले.

प्रमाणासाठी एक ढोबळ हिशोब: माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं धरा. फायटरला एका वेळी दोन-तीन छोटे दाणे, दिवसातून दोनदा. उपासानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्याही निम्मं. नऊ दिवसांची भरपाई एका दिवसात करायला गेलात तर थेट आठव्या पायरीवर परत याल.

पाणी आणि तापमान सुधारून आठवडा उलटला, तीन तऱ्हेचं खाद्य देऊन झालं आणि तरीही तोंड लावत नाही, किंवा पोट आत जायला लागलं, तर माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला गाठा. जाताना वही न्या, पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत न्या, आणि मासा पोहतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ. दवाखान्यात डब्यातला मासा घाबरून स्तब्ध उभा राहतो. घरी तो कसा डोलतो, कुठे थांबतो, श्वास किती वेगाने घेतो, हे त्या व्हिडिओतच दिसतं.